गळका शॉकअप आणि वाढीव पाटा

या अंकात ऊस, साखर आणि रिकव्हरी सोडून आम्ही एका मोटारीच्या सुट्या भागाबद्दल लिहायला बसलो आहोत. कुणी म्हणेल, संपादकांना आता विषय सुचेनात! पण आपल्या कार्यक्षेत्रात गल्लीगल्लीत पिकअप उभ्या आहेत. उसाच्या जोडीला टोमॅटो, कोबी, कोथिंबीर करायची आणि पोराने ती रातोरात माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात न्यायची, हा आता बऱ्याच घरांचा धंदा झाला आहे. उसाचे बिल येते तेव्हा येते, पण घरातला रोजचा पैसा या गाडीवर येतो. म्हणून हा विषय सभासदांचाच आहे असे आम्ही समजतो.

प्रकार आमच्याच घरी घडला, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्याची सोय नाही. गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याने पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप बदलले. भाजी उतरवून झाल्यावर कल्याणलाच एका दुकानातून त्याने ते घेतले आणि तिथल्याच एका मेस्त्रीकडून बसवून घेतले. कंपनीच्या डब्यातला नग चौदाशेला होता, दुकानदाराने साडेनऊशेत दुसरा काढून दिला आणि "याला तोच बसतो" म्हणून सांगितले. दोन नगांत नऊशे रुपये वाचले म्हणून स्वारी खुशीत घरी आली. श्रावणात गाडी धुताना डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा काळा ओघळ दिसला. त्यावर धूळ बसून चांगला जाड थर झाला होता.

"तात्या, नवा टाकून तीन महिने नाय झाले! माल डुप्लिकेट दिला त्यानं," पुतण्याने निकाल देऊन टाकला.

आम्हीही तेव्हा मान डोलावली. कल्याणची खेप पुढे चालूच राहिली. शॉकअप गळला म्हणून गाडी काही बंद पडत नाही, आणि टोमॅटो थांबत नाही. आठ-दहा दिवसांनी कल्याणहून रिकामी गाडी घेऊन परत येताना, पाऊस चालू असताना, मोरोशीच्या अलीकडे एका वळणावर खड्ड्यांची रांग लागली. पुतण्याने ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग टणाटण उडत बाहेरच्या बाजूला गेला. साईडपट्टीच्या चिखलात चाक रुतले म्हणून गाडी थांबली. हौद्यात टोकावड्याला चढलेल्या दोन बायका होत्या, मढपर्यंत सोडा म्हणून त्यांनी हात केला होता. एकीच्या कपाळाला फाळका लागला, दुसरी नुसती घाबरली. एवढ्यावर निभावले. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हे आम्ही त्याला दहा वेळा सांगितले आहे, आणि पावसात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणे किती अवघड असते हेही आम्हाला ठाऊक आहे. तरी पण बसवू नयेत.

त्यानंतर मात्र आम्ही गप्प बसलो नाही. आपल्या कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक जुने फिटर शेजारच्या वस्तीवर राहतात, त्यांना बोलावले. त्यांनी आधी काय केले असेल? गाडीखाली न जाता, बाहेरच बसून पुतण्याला विचारले, "पाटा कधी वाढवला?"

पाटा वाढवला होता दोन वर्षांपूर्वी. हायवेवरच्या एका कमान-पाटेवाल्याकडून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला होता. कागदावर गाडी दीड टनाची आहे. टोमॅटोचे एकशे दहा क्रेट भरले, आणि एक क्रेट वीस-एकवीस किलोचे धरले, तरी सव्वादोन टनांच्या वर माल जातो. गाडी मागून बसू नये म्हणून पाटा. असा पाटा आपल्या भागात शंभरातल्या किती गाड्यांना आहे ते मोजण्यात अर्थ नाही. ज्यांना नाही त्यांना शोधावे लागेल.

आता इथे जरा थांबून शॉकअप म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आमच्यासकट बहुतेकांचा एक गैरसमज आहे. आपण समजतो की शॉकअप वजन पेलतो, आणि म्हणून दणकट शॉकअप टाकला की जास्त माल भरता येतो. तसे काही नाही. वजन पेलतात ते पाटे. शॉकअपचे काम वेगळे आहे. खड्ड्यातून चाक वर आले की पाटा दबतो आणि मग उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला आवरणारे कुणी नसेल तर हा झुला बराच वेळ चालतो. शॉकअपच्या नळीत तेल असते. त्यात दांड्याला लावलेला दट्ट्या वरखाली होतो आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला जबरदस्तीने इकडून तिकडे जावे लागते. या ओढाताणीत उसळीचा जोर जिरतो, त्याची उष्णता होते आणि नळी गरम होते. काही शॉकअपमध्ये तेलाला फेस येऊ नये म्हणून वर नायट्रोजन वायूही भरलेला असतो. दांडा जिथून आत-बाहेर होतो तिथे एक रबरी सील असते. सारी मदार त्या सीलवर. सील गेले की तेल बाहेर, तेल गेले की दट्ट्या हवेत फिरतो, आणि मग तो शॉकअप असून नसून सारखाच.

पूर्वीच्या बैलगाडीला शॉकअप नव्हता आणि टायरच्या डनलॉपलाही नाही, पण बैलाचा वेग तो काय! साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे चाक उसळीच्या काळात जमिनीला नीट टेकलेले नसते. टेकलेले नसले की ब्रेक लावून काय उपयोग? आणि हे भरल्या गाडीपेक्षा रिकाम्या गाडीत जास्त होते. भरलेल्या गाडीत वजनामुळे चाक दाबलेले राहते. रिकाम्या गाडीत कडक पाटे आणि वर हलका हौदा, म्हणजे चेंडूच. येताना भरलेली गाडी सांभाळून चालवायची आणि परतताना रिकामी म्हणून सुसाट सोडायची, ही आपल्या पोरांची सवय याच कारणाने घातक आहे.

तर फिटरबाबांनी गाडी सपाट जागेवर रिकामी उभी केली आणि शॉकअपच्या वरच्या व खालच्या बोल्टमधले अंतर टेपने मोजले. मग गळका शॉकअप काढून पूर्ण ताणून मोजला. गाडी नुसती उभी असताना शॉकअप आणखी फक्त दोन बोटे उघडायचा शिल्लक होता! घराच्या अडगळीत पडलेला जुना, कंपनीचा शॉकअप शोधून काढला. तो नव्यापेक्षा दीड इंच जास्त उघडत होता.

सगळा उलगडा झाला. पाटा वाढवल्यामुळे रिकामी गाडी मागून उंच झाली. उंच झाल्यामुळे शॉकअप आधीच ताणलेला. त्यात साडेनऊशेचा नग मुळात आखूड. रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यात पडले की खाली जायला जागा हवी, ती जागाच नाही. मग दरवेळी शॉकअप पूर्ण ताणून खाडकन् हिसका बसणार, आणि तो हिसका बसणार वरच्या सीलच्या जागेलाच. डावा आधी का गेला? तर समोरून ट्रक आला की आपण डावे चाक साईडपट्टीवर उतरवतो. उजव्याचीही वेळ भरत आलीच होती.

आमचा पुतण्या दुकानदाराला शिव्या घालत होता. तो दुकानदारही सुटत नाही. गाडीचे मॉडेल आणि पार्ट नंबर न पाहता "तोच बसतो" म्हणणे हा त्याचा दोष. मेस्त्रीने तो खालच्या बोल्टपर्यंत पोचत नाही म्हणून जॅकने ॲक्सल उचलून बसवला, हे पुतण्याने नंतर आठवून सांगितले. एवढे झाल्यावर तरी मेस्त्रीने तोंड उघडायला हवे होते. पण पाटा कुणी वाढवला? क्रेट कुणी भरले? आमचे असे स्पष्ट मत आहे की या गळतीतला मोठा हिस्सा आमच्या घरचा आहे, आणि दुकानात जाऊन भांडण्यापूर्वी हे मान्य करायला हवे होते.

भांडायला गेलो तेव्हा काय झाले तेही सांगतो. दुकानदाराने शांतपणे विचारले, "बिल?" पुतण्याने खिशातून एक चिठोरे काढले. त्यावर "२ शॉक १९००" एवढेच. ना दुकानाचे नाव, ना तारीख, ना नंबर. दुकानदार म्हणाला, "हे माझं कशावरून?" आम्ही काय उत्तर देणार? पक्के बिल घेतले असते तर टॅक्स पडला असता म्हणून पुतण्यानेच ते नको म्हटले होते. नऊशे रुपये वाचवायला गेलो आणि एकोणीसशे पाण्यात घालून आलो, वर टायरची माती झाली ती वेगळीच. टायरवर वीतवीत अंतराने खळगे पडले होते. ते उसळत्या चाकाचे लक्षण असते हे आम्हाला त्या दिवशी कळले.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या दुसऱ्या एका सभासदाचा शॉकअप गळाला. त्याने ठाण्याहून पक्के बिल करून घेतलेला, नंबर लिहिलेला. त्याने गाडीला पाटा वाढवलेला नव्हता. त्या दुकानाने नग कंपनीकडे पाठवला आणि तीन आठवड्यांनी बदलून दिला. तीन आठवडे फेऱ्या मारताना तोही वैतागला, पण नग मिळाला.

बिलाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण कायदा आपल्या बाजूचा आहे आणि आपण तो वापरत नाही. जीएसटीत नोंदलेल्या दुकानदाराने दोनशे रुपयांच्या वरच्या विक्रीचे बिल द्यायलाच हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. टॅक्सची सबबही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मोटारीच्या अशा भागांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. तक्रार करायची तर पूर्वी जिथे माल घेतला तिथे किंवा दुकानदाराच्या गावी खेटे घालावे लागत. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे कल्याणच्या खरेदीसाठी ठाण्याला जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाईनवर फोन करून सुरुवात करता येते.

एक मेख मात्र आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू नाही. मग पिकअपवाल्याचे काय? तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरणारा ग्राहकच धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे नीट उलगडून सांगितले आहे. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा एक, आणि चार गाड्यांवर ड्रायव्हर ठेवून भाडी मारणारा दुसरा, यांत फरक आहे. आपले बहुतेक सभासद पहिल्यात मोडतात. ज्यांच्या दारात चार गाड्या आहेत त्यांनी आधी वकिलाला विचारावे, उगाच आमच्या भरवशावर जाऊ नये.

आता रस्त्यांबद्दल. "खड्डेच असे आहेत, शॉकअप टिकणार कसा?" हे आम्ही रोज ऐकतो, आणि ते खोटे नाही. म्हारळ, वरप, कांबा, रायते या पट्ट्यातून पावसाळ्यात गेलेल्याला वेगळे सांगायला नको. पुढे दुर्गाडीवरून रांजणोली नाक्याला लागा, माणकोलीवरून ठाण्यात शिरा, किंवा शिळफाट्याकडून डोंबिवलीत जा, ठेचा सगळीकडे आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांनी माणसांचे बळी घेतले तेव्हा राज्यभर ओरड झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी असा आदेश दिला. चांगली गोष्ट झाली. पण तो आदेश माणसांसाठी आहे. शॉकअपचे बिल घेऊन कुणी नगरपालिकेत जाऊ नये. आणि आम्ही असेही म्हणतो की त्याच रस्त्यावरून एसटी जाते, त्याच रस्त्यावरून पाटा न वाढवलेली, दीड टनच भरणारी गाडीही जाते, आणि तिचे शॉकअप आपल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. खड्ड्याला शिव्या देताना सव्वादोन टन विसरायचे, हे बरे नव्हे. तो जादा भार सापडला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार ठेवले आहेत, म्हणजे कितीतरी खेपांचे भाडे एका कागदात गेले.

फिटरबाबांकडून आम्ही जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. नळीवर तेल दिसले की लगेच घाबरू नये. वरच्या तोंडाशी तेलाचा पुसट ओलावा असणे साहजिक आहे, दांडा थोडे तेल सोबत आणतोच. कापडाने कोरडे पुसावे, दोन खेपा कराव्या आणि पुन्हा पाहावे. पुन्हा ओघळ खालपर्यंत आला तर सील गेले. तेल नक्की कुठले तेही पाहावे. चाकाच्या आतल्या बाजूने येत असेल तर ते हौसिंगचे किंवा ब्रेकचे तेल असू शकते, आणि ब्रेकचे असेल तर त्याच पावली गॅरेज गाठावे, शॉकअपचे नंतर बघता येईल. दहा-पंधरा किलोमीटर खराब रस्त्याने गाडी चालवून दोन्ही शॉकअपला बेताने हात लावून पाहावा. एक गरम आणि दुसरा थंड लागला तर थंड असलेला काम करत नाही. सगळ्यात सोपी परीक्षा ही, आणि तिला पैसा लागत नाही.

घेताना जुना काढलेला नग बरोबर न्यावा. नुसता गाडीचा फोटो दाखवून भागत नाही. पूर्ण उघडून आणि पूर्ण दाबून दोन्ही लांबी ताडून पाहावी, बुशाचे भोक पाहावे, नंबर पाहावा. बाहेरचा माल म्हणजे वाईटच, असेही आम्ही म्हणत नाही. गाडीच्या कंपनीच्या डब्यात जो शॉकअप येतो तो बऱ्याचदा वेगळ्याच कारखान्याने बनवलेला असतो, आणि तोच कारखाना स्वतःच्या नावाने बाजारातही विकतो. ठाण्याच्या शेजारी मुलुंडला गॅब्रिएल कंपनीने साठच्या दशकात शॉकअपचा कारखाना काढला, तेव्हापासून या पट्ट्यात हा धंदा आहे. नावाचा, नंबरचा, बिलाचा बाहेरचा माल आणि कोऱ्या डब्यातला बिननावाचा माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा प्रकार रंग मारून नवा केलेल्या जुन्याचा. नळीवर वेल्डिंगची ताजी खूण आणि तिच्यावर रंग दिसला तर हातही लावू नये. भोक पाडून तेल भरून देणारे कारागीर अजून आहेत. पण मूळ सील फाटके ते फाटकेच राहते, आणि आत दाबाखाली वायू असलेल्या नळीला भोक पाडणे किंवा आच लावणे हा जिवाशी खेळ आहे.

बसवण्यापूर्वी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा हाताने पूर्ण दाबावा व ओढावा. दुकानात आडवा पडून राहिल्याने दट्ट्याखाली हवा शिरलेली असते, ती त्याने निघते. बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. अधांतरी असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. काही शॉकअपचे वरचे टोक बोल्टासारखे असते. तिथे नट आवळताना दांडा फिरतो म्हणून मेस्त्री चकचकीत दांडा पकडीने धरतो. त्या पकडीचा एक ओरखडा पुरे, तो दरवेळी सीलवरून जाणार आणि सील कापणार. मेस्त्री जवळचा असला तरी त्याला तिथे थांबवावे, राग आला तर येऊ दे. आणि बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही बदलावेत. एक नवा, एक मेलेला असे ठेवले तर गाडी एका बाजूला नाचते.

आता थोडे कारखान्याकडे वळू. गेल्या वार्षिक सभेत काही सभासदांनी मागणी केली होती की कारखान्याने आपल्या स्टोअरमधून पिकअपचे सुटे भाग उधारीवर द्यावेत आणि रक्कम ऊस बिलातून कापावी. टाळ्याही पडल्या होत्या. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही, पण आम्हाला हे पटत नाही. ऊस बिलात कपातींची यादी आधीच केवढी असते ते प्रत्येकाने आपली स्लिप काढून पाहावे. सोसायटीचे कर्ज, खते, बेणे, ठेवी, आणि त्यात हा शॉकअप! शिवाय स्टोअरने माल घ्यायचा म्हणजे टेंडर आले, टेंडर आले की कमीत कमी दर आला, आणि मग साडेनऊशेचा आखूड नगच सगळ्यांच्या माथी. आज आपण दुकानदाराशी तरी भांडू शकतो. उद्या माल कारखान्याचा असेल तर सभासद कुणाशी भांडणार? संचालकांशी? निवडणुकीला मुद्दा होईल, गाडीला शॉकअप मिळणार नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र कारखान्याला फार खर्च न करता करता येईल असे आम्हाला वाटते. गळीत हंगाम संपल्यावर वर्कशॉपमध्ये दुरुस्त्यांची कामे चालू असतात, फिटर जागेवर असतात. मृगाच्या आधी दोन दिवस ठेवावेत. सभासदांनी रिकामी पिकअप आणावी, फिटरने शॉकअप, पाटे, ब्रेकचे पाईप आणि टायर पाहावेत आणि कागदावर लिहून द्यावे. दुरुस्ती करू नये, माल विकू नये. नुसती तपासणी. नाममात्र पन्नास रुपये घ्यावेत, म्हणजे फुकट म्हणून कुणी गर्दी करणार नाही. "पिकअपमधून कारखान्याचा ऊस येत नाही, मग कारखान्याने का करायचे?" असा प्रश्न येईल. ऊस येत नाही खरे. पण त्याच गाडीतून बेणे येते, खत येते, कोयत्याच्या टोळीतल्या आजारी माणसाला रात्री दवाखान्यात तीच नेते. आणि गाडी चालवणारा पोरगा उद्याचा सभासद आहे.

कुणी म्हणेल, पाटे काढून टाका सांगणे सोपे आहे, भाडे परवडायचे कसे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. एकशे दहा क्रेटच्या जागी सत्तर क्रेट न्यायचे तर डिझेल तेवढेच, टोल तेवढाच, बाजारातली हमाली तेवढी कमी, पण हातात पडणारे भाडे कमीच. आम्ही घरी तीन महिन्यांचा हिशेब मांडला. टायर, शॉकअप, दोनदा फुटलेला पाटा, एकदा घाटात बंद पडल्याने सडलेला माल, हे सगळे धरल्यावर जादा क्रेटनी मिळवून दिलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त गेला होता. तरी थोडे उरतच होते, ते नाकारत नाही. आम्ही ते सोडायचे ठरवले. शेजारच्या दोन घरांशी बोलून आता एका दिवशी दोन गाड्या जोडीने जातात आणि माल वाटून भरतात. बाजारात भाव पडलेला असतो त्या दिवशी हे अंगावर येते, आणि पुतण्या अजून कुरकुरतो.

नवे शॉकअप चौदाशेवाले आणले, पक्क्या बिलाने, जुना नग शेजारी ठेवून मोजून. बसवताना फिटरबाबा हजर होते. वाढीव पाटे दोन्ही बाजूंचे काढले, गाडी मागून तीन बोटे खाली आली. काढलेले पाटे पंधरा दिवस गोठ्याशी पडून होते. मग गावात घिसाडी आले तेव्हा त्यांच्याकडून त्याचे चार कोयते करून घेतले. दोन घरी ठेवले, दोन आमच्या शेतावर येणाऱ्या टोळीच्या मुकादमाला दिले. तपासणीच्या दोन दिवसांचा विषय संचालक मंडळाच्या पुढील सभेपुढे ठेवावा असे लेखी पत्र आम्ही दिले आहे. ज्या सभासदांना तो मान्य असेल किंवा नसेल, त्यांनी शेतकी कार्यालयात आपल्या गटाच्या चिटबॉयकडे तसे लिहून द्यावे.